लायब्ररीतला वरचा हॉल मोठ्या मुलांच्या डिजिटल स्टुडिओसाठी मिळतोय, सुरुवात कुठून करू?

वेलांटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज स्वतःचाच प्रश्न घेऊन आलेय. मी एका सार्वजनिक लायब्ररीत काम करते, बालविभाग माझ्याकडे आहे. दहा-अकरा वर्षांपर्यंतची मुलं आमच्याकडे भरपूर येतात, गोष्टींच्या तासाला बसायला जागा उरत नाही, आणि सकाळी पेपर वाचायला मोठी माणसं येतात. मधली सगळी गायब. तेरावं लागलं की मूल यायचं बंद होतं. आणि कधी चौघंपाचजण एकत्र आलीच तर एका फोनवर सगळी वाकून काहीतरी बघत हसतात, दहा मिनिटांत कुणीतरी शूऽऽ करतं, आणि ती जातात ती परत येत नाहीत. ते शूऽऽ मीही केलंय, त्याचं आता वाईट वाटतं.

तर आता वरच्या मजल्यावरचा संदर्भ विभागाचा हॉल रिकामा करायचं चाललंय आणि तिथे १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी डिजिटल मीडियाची खोली करायची असं कमिटीच्या मनात आहे. पैसे एकदाच मिळणार. मला यादी द्यायला सांगितलीय. एका सप्लायरने आधीच आपली यादी पाठवलीय, दहा कॉम्प्युटर, थ्रीडी प्रिंटर, दोन व्हीआर हेडसेट, भिंतभर स्क्रीन. यादी बघून सगळे खूश आहेत आणि माझ्या पोटात गोळा आलाय, कारण काही वर्षांपूर्वी असाच कॉम्प्युटर कॉर्नर थाटात उघडला होता आणि आज त्यावर कव्हरं घातलेली आहेत.

कुणी अशी जागा चालवलीय का, बघितलीय का? आधी काय घ्यायचं, नियम काय ठेवायचे, आत कोण बसणार? जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

रानपाखरू

वेलांटीताई किती छान बातमी! शिकागोच्या यूमीडियाबद्दल वाचलं नसेल तर नक्की वाचा. २००९ साली तिथल्या हॅरल्ड वॉशिंग्टन लायब्ररीत, म्हणजे शहराच्या मुख्य लायब्ररीत, तळमजल्यावर साधारण साडेपाच हजार चौरस फुटांची जागा फक्त हायस्कूलच्या मुलांसाठी काढून दिली. मॅकआर्थर फाउंडेशनचे पैसे होते आणि निकोल पिंकार्ड यांनी सुरू केलेलं डिजिटल यूथ नेटवर्क सोबत होतं. मुलांना लॅपटॉप, कॅमेरे मिळायचे, रेकॉर्डिंगची खोली, गेमिंगचा कोपरा, आणि त्याच हॉलमध्ये पुस्तकंही. नंतर तेच मॉडेल इतकं आवडलं की मॅकआर्थर आणि अमेरिकन सरकारची म्युझियम-लायब्ररीवाली संस्था, दोघांनी मिळून २०११ आणि २०१२ मध्ये देशभरच्या २४ लायब्ररी आणि म्युझियमना अशा लर्निंग लॅब आखायला मदत दिली. शिकागोतही आता वीसहून जास्त शाखांमध्ये यूमीडिया आहे. तळमजल्यावर ही गोष्ट मला फार आवडते, दारातून आत आलं की दिसतात मुलं, कुठे मागे कोंबलेली नाहीत.

तबकडी

मी साउंडमधला माणूस आहे म्हणून त्याच बाजूने बोलतो. ती स्क्रीन आणि हेडसेट यादीतून काढा. हेडसेट एकजण घालतो आणि बाकीचे आपली पाळी कधी येते बघत उभे राहतात, दुसऱ्या आठवड्यात कुणाला त्यात रस नसतो. थ्रीडी प्रिंटर वाईट नाही पण तळहाताएवढी वस्तू छापायलाही कित्येक तास जातात, मध्येच प्लास्टिक अडकतं, नोझल दोनशे डिग्रीच्या आसपास तापलेलं असतं त्यामुळे जवळ माहीतगार माणूस लागतो, तो माणूस असेल तर घ्या नाहीतर नंतर घ्या.

आवाजापासून सुरू करा असं मी म्हणेन, कारण आवाजाला सगळ्यात कमी खर्च येतो आणि पहिल्या दिवशी मुलाच्या हातात काहीतरी पूर्ण झालेलं पडतं. दोन चांगले डायनॅमिक माइक घ्या, कंडेन्सर घेऊ नका, म्हणजे दुकानदार कंडेन्सरच पुढे करेल कारण तो स्टुडिओत दिसतो पण तुमच्या हॉलमध्ये तो पंखा, रस्ता, खुर्चीची करकर सगळं टिपेल, डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर धरला की बाकीचं बरंच बाहेर राहतं. दोन माइक लागतील असा एक ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारे हेडफोन चारपाच जोड कारण ते तुटतात, आणि ऑडॅसिटी आहेच, फुकट आहे, २००० सालापासून आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. चित्रासाठी ब्लेंडर, गिंप हेही फुकटच. दहा कॉम्प्युटर कशाला? तीन दणकट घ्या, एकेकावर दोघंतिघं बसली की आपोआप बोलायला लागतात.

उंबरठा

मला जरा वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. माझा मुलगा चौदाचा आहे. घरी आमचं रोजचं भांडण स्क्रीनवरून होतं. लायब्ररी ही एकच जागा उरलीय जिथे जा म्हटलं की मला धाकधूक वाटत नाही, आणि तिथेही आता स्क्रीनच ठेवणार असाल तर आम्ही मुलांना पाठवायचं कुठे? तो घरी जे करतो तेच तिथे करणार असेल तर फरक काय? खरंच समजून घ्यायचंय म्हणून विचारतेय.

पोटमाळा

उंबरठा यांच्याशी मी सहमत आहे, आणि माझं कारण आणखी जुनं आहे. एकतीस वर्षं ग्रंथालयात काढली. संदर्भ विभाग हा कुठल्याही ग्रंथालयाचा कणा. तो हॉल रिकामा करून पुस्तकं कुठे जाणार आहेत? तळघरात? तळघरात गेलेलं पुस्तक परत वर आलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. शब्दकोश, जुने गॅझेटियर, बांधीव मासिकं, ही गोळा करायला दोन-तीन पिढ्या लागतात आणि हलवायला एक टेम्पो. मुलांना जागा द्या, जरूर द्या, पण कुणाची काढून देताय ते बघा.

शिसपेन्सिल

चार वर्षं मी अशाच एका जागेत मेंटॉर म्हणून काम केलंय, आठवड्यातले तीन दिवस, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी उंबरठाताईंना. तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि याच प्रश्नावर खूप मोठा अभ्यास झालाय. मिझुको इटो नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या टीमने तीन वर्षं मुलं ऑनलाइन नेमकं करतात काय ते जवळ बसून पाहिलं, २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यांना तीन तऱ्हा दिसल्या. एक म्हणजे दोस्तांबरोबर नुसतं असणं, आपण टाइमपास म्हणतो ते. दुसरी खटपट, म्हणजे हे बटण दाबलं तर काय होतं, याचा फोटो असा कापला तर कसा दिसतो. आणि तिसरी नाद, एकदा एखाद्या गोष्टीचा नाद लागला की मूल रात्रंदिवस त्यातच असतं आणि आपल्याहून जास्त जाणणाऱ्या माणसाला शोधत फिरतं. यूमीडियाची जागा याच तीन गोष्टींवर आखली होती, सोफे टाइमपासला, कॅमेरे-कीबोर्ड खटपटीला, स्टुडिओ नादवाल्यांना. घरी आणि तिथे फरक हा पडतो की घरी मूल टाइमपासवरच राहतं कारण पुढे न्यायला कुणी नसतं, खटपट करणारं दुसरं मूल शेजारी दिसत नाही. हे आईबापाच्या ओरडण्याने होत नाही, शेजारच्या खुर्चीवरच्या पोरामुळे होतं.

आता एका मुलाबद्दल सांगते. पंधरा वर्षांचा असेल, रोज यायचा, सोफ्याच्या टोकाला बसायचा आणि फोन बघायचा. हात लावायचा नाही कशाला. दोन महिने. आमच्या वरिष्ठांनी विचारलं की हा इथे काय करतो, याला सांगा काहीतरी कर नाहीतर जागा दे. मी म्हटलं राहू दे. मी रोज फक्त नावाने हाक मारायची आणि काय रे, आज उशीर? एवढंच. तिसऱ्या महिन्यात एक दिवस दोन मुली आवाजाचं नाटक रेकॉर्ड करत होत्या आणि त्यांना दार आपटल्याचा आवाज काही जमत नव्हता, खरं दार आपटलं तर रेकॉर्डिंगमध्ये पुठ्ठा वाजल्यासारखं येत होतं. हा उठला आणि म्हणाला, दार नको, जाड पुस्तक टेबलावर आडवं आपटा आणि वेग थोडा कमी करा. त्याला हे सगळं माहीत होतं! दोन महिने तो फोनवर साउंड इफेक्ट कसे करतात याचेच व्हिडिओ बघत होता आणि आम्हाला वाटत होतं टाइमपास चाललाय. त्यानंतर दीड वर्ष तो त्या खोलीतला इफेक्टवाला होता, सगळे त्यालाच विचारायचे. त्याला पहिल्या महिन्यात उठवलं असतं तर?

म्हणून वेलांटीताई, यादीत पहिलं नाव माणसाचं टाका. जो स्वतः काहीतरी बनवतो असा माणूस, चित्रं, बीट्स, कविता, काहीही, आणि ज्याला मुलांजवळ नुसतं बसता येतं. एकदाच मिळणाऱ्या पैशातून पगार देता येत नाही असं सांगतील. त्यावर भांडा.

झिपरी

शिसपेन्सिल तुमचं वाचून रडू आलं मला. मी अशाच खोलीत वाढलेली मुलगी आहे, आज एडिटिंग करून पोट भरते. एक गोष्ट सांगायचीय जी कुणी बोलत नाही. पहिले सहा महिने मी काचेबाहेर उभी राहून परत जायचे कारण आत सगळे मुलगेच असायचे, गेमिंगचा आवाज दारापर्यंत यायचा आणि रेकॉर्डिंगची खोली कायम कुणीतरी अडवलेली. कुणी मला अडवलं नव्हतं हां, पण आत जायला पाय उचलत नव्हता. मग तिथे एक ताई मेंटॉर म्हणून आली, तिने दोन साध्या गोष्टी केल्या, रेकॉर्डिंगची खोली पाऊण तासाच्या पाळीने वहीत नाव लिहून द्यायची आणि गेमचे स्पीकर बंद करून हेडफोन लावायचे. तिसरी गोष्ट म्हणजे दारात उभ्या असलेल्या मुलाकडे तीच चालत जायची, "ये ना" असं लांबून म्हणायची नाही. मी त्या दिवशी आत गेले.

आणि बस, रिक्षा, घरचं कुणी, मूल परत कसं जाणार याचा विचार करून बंद करायची वेळ ठरवा. उशिरापर्यंत उघडं ठेवणं चांगलं पण मुलींना मग लवकर निघावं लागतं आणि खरी मजा त्या गेल्यावर सुरू होते, तसं होऊ देऊ नका.

मधलीसुट्टी

शाळेत शिकवतो. माझी एकच विनंती, त्या खोलीची शाळा करू नका. हजेरी, बॅच, आठवड्याचा विषय, शेवटी सर्टिफिकेट, हे सुरू झालं की माझ्या वर्गातली हुशार मुलं तेवढी येतील आणि ज्यांना अशा जागेची सगळ्यात जास्त गरज आहे ती पहिल्या दिवशी दारातूनच फिरतील.

शिकागो विद्यापीठाच्या शालेय संशोधन गटाने यूमीडियाचा अभ्यास करून २०१३ मध्ये अहवाल काढला होता. त्यात येणाऱ्या मुलांचे पाच गट दिसले, गप्पांसाठी येणारी, वाचायला-अभ्यासाला येणारी, अधूनमधून डोकावणारी, थोडं थोडं करून बघणारी, आणि खऱ्या अर्थाने काही निर्माण करणारी. पाहा, शेवटचा गट हा पाचातला एक. फोटो मात्र सगळीकडे त्याचेच छापतात आणि मग कमिटीला वाटतं बाकीची मुलं फुकट बसलीत.

तबकडी

पोटमाळाकाका, तुमचं वाचल्यावर दोन दिवस डोक्यात घोळत होतं म्हणून परत आलो. पुस्तकं हलवूच नका! मी हे भावनेपोटी म्हणत नाही, आवाजाच्या हिशोबाने म्हणतो. रिकामा हॉल म्हणजे गुळगुळीत भिंती, आवाज त्यावर आपटून घुमतो, मग लोक महागडे फोम लावतात. भरलेलं पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला असलं की पुस्तकांच्या खालीवर कडांवर आवाज फुटतो, विखुरतो, थोडा जिरतोही. बांधीव मासिकं तर उत्तमच. समोर जाड पडदा टाका, खाली सतरंजी, झाली रेकॉर्डिंगची जागा.

फक्त एक गोष्ट लक्षात घ्या, हे आतला घुमारा कमी करतं, आवाज बाहेर जायचा थांबवत नाही. त्यासाठी दाराच्या फटी बंद करा, खालची फट विशेष, आणि ठोस लाकडाचं दार लावा. पोकळ दाराला कितीही पडदे लावले तरी खालच्या वाचकांना ढोल ऐकू येणारच. हा खर्च यादीत आत्ताच घाला, नंतर कुणी देत नाही.

पोटमाळा

तबकडी, हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या शांततेत बसलो, ती शांतता थोडीफार पुस्तकांच्या पाठीच करत होत्या हे आज कळलं.

पुस्तकं तिथेच राहणार असतील तर माझा विरोध मी मागे घेतो. एक सुचवू का? मुलांना विषय लागतील. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज मुलांना रेकॉर्ड करू द्या, त्यांचे जुने व्यवसाय, जुनी बाजारपेठ, पूर कधी आला होता, हे. संदर्भ विभागात ते आवाज नोंदवून ठेवा, तारीख, नाव, विषय घालून, पुस्तकासारखे. नोंदी करायला मुलांना शिकवायला मी येईन.

वेलांटी

मला काय बोलावं सुचत नाहीये, किती मनापासून लिहिताय सगळे. तबकडीदादा, पोटमाळाकाका, कपाटांचं मी लगेच हॉलमध्ये जाऊन बघून आले, मागच्या भिंतीला सात कपाटं आहेत, छतापर्यंत. ती तिथेच ठेवायची असं मी लिहून दिलंय.

आता दोन अडचणी. कमिटी विचारते मोजणार कसं, किती मुलं शिकली हे दाखवणार कसं. आणि दुसरं, आमचे सगळे पब्लिक कॉम्प्युटर लॉगआउट केलं की पुसले जातात, तसं सॉफ्टवेअरच आहे, सुरक्षिततेसाठी. नवीन कॉम्प्युटरवरही तेच टाकणार म्हणतात.

शिसपेन्सिल

दुसरीचं आधी, कारण ते फार महत्त्वाचं आहे. ते पुसणारं सॉफ्टवेअर त्या खोलीत अजिबात नको. आमच्याकडे पहिल्या महिन्यात हेच झालं होतं, एका मुलीने चार तास बसून ॲनिमेशन केलं, मशीन अडकलं, रीस्टार्ट झालं, आणि सगळं गेलं. ती परत आली नाही. मी तिच्या घरी निरोप पाठवला तरी नाही आली. एखाद्या मुलाला सांगायचं की इथे तू काहीतरी बनव आणि संध्याकाळी ते पुसून टाकायचं, याला काय अर्थ आहे? प्रत्येक मुलाचं वेगळं लॉगिन द्या, फाइली खोलीतल्याच एका वेगळ्या ड्राइव्हवर राहू द्या आणि त्याची दुसरी कॉपी रोज दुसरीकडे जाऊ द्या. ब्राउझरची हिस्ट्री पुसा, हवं तर रोज पुसा, ती मुलाची खासगी गोष्ट आहे. काम पुसू नका.

मोजायचं म्हणाल तर आम्ही वहीत तीन गोष्टी लिहायचो. किती मुलं परत आली, पहिल्यांदा किती आली त्यापेक्षा हे जास्त बोलतं. किती कामं पूर्ण झाली, कितीही छोटी असोत. आणि कुणी कुणाला शिकवलं. ही तिसरी नोंद आमच्या वरिष्ठांना सुरुवातीला विचित्र वाटली पण वर्षाच्या शेवटी सगळ्यात जास्त वेळ त्यांनी तेच पान वाचलं.

रानपाखरू

याच्यात भर म्हणून, ही कल्पना लायब्ररीच्याही आधीची आहे. बॉस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये १९८९ च्या सुट्टीत लेगोची मशीनं कॉम्प्युटरवरून चालवायचं वर्कशॉप ठेवलं होतं, ते संपलं तरी आसपासची मुलं परत परत येत राहिली, ते वर्कशॉप कुठेय म्हणत शोधत राहिली. त्यांना नंतर यायला हक्काची जागाच नव्हती. त्यातूनच १९९३ मध्ये मिचेल रेझनिक, नॅटली रस्क आणि इतरांनी कॉम्प्युटर क्लबहाउस काढलं, १० ते १८ वयाच्या मुलांना शाळा सुटल्यावर येता येईल असं, फुकट, सोबत मेंटॉर. २००७ मध्ये स्क्रॅच आलं ते याच लोकांच्या गटातून. मुलं म्युझियममध्ये परत परत येत होती तेव्हा कुणीतरी त्यांना हाकललं नाही, त्याचं कौतुक वाटतं मला.

उंबरठा

शिसपेन्सिल, तुमची पोस्ट मी मुलाला वाचून दाखवली. तो काही बोलला नाही, पण रात्री येऊन त्याने त्याच्या फोनमधला एक व्हिडिओ दाखवला, त्याने स्वतः कापून जोडलेला. चार महिन्यांपासून करतोय म्हणे. मला माहीतच नव्हतं.

तरी एक काळजी आहेच. मुलांनी केलेलं इंटरनेटवर टाकायचं का? चेहरा, आवाज, नाव, हे एकदा गेलं की परत येत नाही. आणि आईबापांनी आत येऊन बघायचं का?

झिपरी

आईबापांनी आत नको! स्टॉकहोममध्ये कुल्तुरहुसेतमध्ये २०११ पासून टिओ ट्रेटन नावाची लायब्ररी आहे, नावाचा अर्थच दहा-तेरा, फक्त १० ते १३ वयाच्या मुलांसाठी, तिथे काम करणारे सोडले तर मोठ्या माणसांना आत प्रवेश नाही. मुलं तिथे शिवतात, स्वयंपाक करतात, फिल्म करतात. उंबरठाताई, तुम्हाला बाहेर ठेवलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, महिन्यातून एक संध्याकाळ अशी ठेवायची की मुलं स्वतः घरच्यांना बोलावतात आणि काय केलं ते दाखवतात. माझ्या बाबांनी माझी पहिली फिल्म अशीच पाहिली, उभ्यानेच पाहिली, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

ऑनलाइनचं म्हणाल तर खोलीचा नियम असा हवा की काहीही बाहेर टाकायचं तर त्यात दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या प्रत्येक मुलाची हो लागते आणि घरच्यांची लेखी परवानगी. आणि नको म्हणायचं कारण विचारायचं नाही.

तबकडी

गाण्यांचंही बघा. मुलं पहिल्याच दिवशी आवडत्या गाण्याचा तुकडा मागे लावतात आणि मग व्हिडिओ उडाला की हिरमुसतात. क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत दाखवा, श्रेय कसं लिहायचं ते शिकवा. याहून चांगलं म्हणजे ज्याला बीट्स जमतात त्याच्याकडून करून घ्यायचं. आमच्या इथे एका पोराने डब्यावर वाजवलेला ठेका दुसऱ्या पाच जणांनी वापरला आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी त्याचं नाव आलं. असला आनंद त्याच्या तोंडावर मी कधी बघितला नव्हता.

मधलीसुट्टी

पगाराबद्दल कमिटीशी बोलताना शिकागोचंच उदाहरण द्या. तिथे माइक हॉकिन्स म्हणून कवी होते, मुलं त्यांना ब्रदर माइक म्हणायची, यूमीडियात मेंटॉर होते आणि ओपन माइकच्या संध्याकाळी ते चालवायचे. चान्स द रॅपर हा शाळकरी असताना तिथेच यायचा. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ब्रदर माइक गेले, आणि पुढच्या वर्षी चान्सने हायस्कूलच्या मुलांसाठी ओपन माइकच्या संध्याकाळी सुरू केल्या, त्यांच्या आठवणीसाठी. त्या संध्याकाळींना कुठल्या माइकचं, कुठल्या कॉम्प्युटरचं नाव दिलं नाही कुणी.

वेलांटी

तीन आठवड्यांनी लिहितेय, मध्ये खूप धावपळ झाली.

मीटिंग झाली. मी सगळं मांडलं, आवाज कापत होता सुरुवातीला. भिंतभर स्क्रीन आणि हेडसेट गेले. थ्रीडी प्रिंटर पुढच्या वर्षावर ढकलला. कॉम्प्युटर दहाचे चार झाले, मी तीन म्हणत होते पण चार झाले. दार ठोस लाकडाचं मंजूर. पुसणारं सॉफ्टवेअर नाही, त्यावर एक तास वाद झाला, शेवटी हिस्ट्री पुसायची आणि फाइली ठेवायच्या हे मान्य झालं. मेंटॉरचा पगार वर्षभराचा मागितला होता, आठ महिन्यांचा मिळाला, आठवड्यातले तीन दिवस. पुढच्या वर्षीसाठी तीन नोंदींची वही मी आजपासूनच सुरू केलीय. एक मुलगी मिळालीय, कॉमिक्स काढते, कमी बोलते आणि मुलांच्या शेजारी जमिनीवर बसते.

बुधवारी पहिल्यांदा उघडलं. अजून सोफे आलेले नाहीत, सतरंजीच आहे. पोटमाळाकाकांनी फोनवर विचारलं कपाटं नीट आहेत ना, मी फोटो पाठवला. पाच मुलं आली, तीन मुलगे दोन मुली. माइककडे कुणी गेलं नाही. एकाने विचारलं, इथे काही करावंच लागतं का? मी म्हटलं नाही. मग ती पाचही जण दीड तास फोनवर वाकून हसत बसली, आणि खालून कुणीतरी शूऽऽ करायला जिन्यापर्यंत आलं तर मी जाऊन दार ओढून घेतलं.

शिसपेन्सिल

वहीत लिहिलंत का? पाच.

वेलांटी

लिहिलं. आज शुक्रवार, त्यातली चार परत आलीयत. खाली नाश्त्याच्या टेबलावरून जाड शब्दकोश मागायला आलीयत, कशासाठी ते सांगत नाहीत, वर काहीतरी आपटल्याचे आवाज येतायत.

पोटमाळा

कुठला शब्दकोश दिलात? पुठ्ठा शिवलेला असेल तर चालेल, चिकटवलेला देऊ नका, पाठ सुटेल. माझ्याकडे घरी एक जुना आहे, सोमवारी घेऊन येतो.